हॉर्नच्या बटणाखाली

सबीहाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. हॉर्न दुरुस्त करणाऱ्या बाईला एकच कान, याची नव्या ड्रायव्हर लोकांना गंमत वाटते. अमरावतीच्या वलगाव रोडवरच्या जुन्या लोकांना कारण माहीत आहे, ते हसत नाहीत. हॉर्न तपासायचा झाला की ती उजवा कान पुढे करते आणि दोन बोटं हॉर्नच्या तबकडीवर टेकवते. आवाज फाटका आहे की भरीव, ते तिला अर्धं कानानं कळतं आणि अर्धं बोटांनी.

कान गेला अकोल्याला, सासरी. तिचा नवरा मोहसीन मालाची गाडी चालवायचा. दिसायला देखणा, बाहेर बोलायला गोड, मोहल्ल्यात कुणाच्याही मयतीला पहिला धावून जाणारा. घरात आला की दाराची कडी लावायचा, आणि कडीचा आवाज झाला की सबीहा हातातलं काम खाली ठेवायची. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मारलं, कमी झालं म्हणून मारलं, शेजारणीशी हसली म्हणून मारलं, हसली नाही म्हणूनही मारलं. एका सकाळी त्यानं उलट्या हातानं अशी ठेवून दिली की तिच्या डोक्यात शिटी वाजायला लागली. ती शिटी दुपारपर्यंत वाजत राहिली, मग थांबली, आणि शिटीबरोबर त्या बाजूचं सगळंच थांबलं. उशीवर रक्ताचा डाग पडला होता. मोहसीननं तो पाहिला आणि उशीचा अभ्रा बदलायला सांगितला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो कमरेचा पट्टा काढत अंगणात आला. सबीहा कुलरखाली अटकण म्हणून ठेवलेली लोखंडी टॉमी, म्हणजे जॅक फिरवायचा दांडा, काढून कुलर पुसत होती. दांडा हातातच होता. तिनं तो आधी त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला एका कानानंही स्वच्छ ऐकू आला. त्या आवाजानं ती थांबायला हवी होती, पण थांबली नाही. गुडघ्यावर घातला, खांद्यावर घातला, तो खाली पडला तरी घालत राहिली. मोहल्ल्यातल्या बायांनी भिंतीवरून उड्या टाकून तिला ओढलं तेव्हा ती नुसती धापा टाकत होती.

जमातीच्या लोकांनी बसून दोघांना मोकळं केलं. मोहसीनचं मनगट पुन्हा सरळ झालं नाही. सबीहा अमरावतीला बापाकडे परत आली. तिचा बाप रऊफ जुन्या गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्यानं मुलीला एका शब्दानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात नेलं, कैयाची, म्हणजे सोल्डरिंगची, इस्त्री हातात दिली आणि एका डायनॅमोच्या तुटक्या तारेला डाग कसा द्यायचा ते दाखवलं. पोरीचा हात चांगला होता. तारेला हात लावला की मऊ व्हायचा. पण त्याच हाताची रऊफला भीतीही वाटायची. दुकानात एका गिऱ्हाइकानं तिच्या कमरेला हात लावला तर तिनं पान्यानं त्याचा जबडा फोडला. नाक्यावर एकानं 'अकोल्याची हातोडीवाली' म्हणून हाक मारली तर त्याची कॉलर धरून त्याचं तोंड त्याच्याच मोटरसायकलच्या टाकीवर आपटलं.

"हात को काम में लगा के रख, बेटा," रऊफ म्हणायचा. "नइ तो येइच हात तेरे को एक दिन जेल दिखाता."

सबीहा मान हलवायची. राग आला की तो मानेतून वर चढायचा, चढल्यावर तिला दिसायचं कमी आणि हात आपोआप उचलला जायचा. याला ती काय करणार होती? चाळिशी आली तरी तो राग म्हातारा झाला नाही. फक्त लोक जपून वागायला लागले, म्हणून प्रसंग कमी झाले.

मग एका एप्रिलात, ऊन डोक्यावर असताना, गोपाल त्याचा पिकअप घेऊन आला.

पिकअप पाहून गॅरेजची आख्खी लाइन काम सोडून उभी राहिली. साठ वर्षांपूर्वीचा गोल नाकाचा ट्रक, मागे माल ठेवायचा छोटासा डाला, दारं इतकी जड की एका हातानं ओढवत नाहीत. गोपालच्या आज्यानं चांदूर बाजाराच्या बाजूला संत्र्याची बाग लावली तेव्हा तो घेतला होता. मधली वर्षं तो गोठ्यात कडब्याखाली पडून होता. गोपालनं तो बाहेर काढला, पत्रा ठोकून घेतला, लाल रंग दिला, आणि आता तो लग्नाच्या वरातीला द्यायचा. नवरदेव डाल्यात उभा राहायचा, पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढायची. कौंडण्यपूरच्या बाजूला एक वरात ठरली होती, आणि हॉर्न मेला होता.

"डुप्लिकेट नाई लावायचा," गोपाल खाली उतरत म्हणाला. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा गडी, गळ्यात जाड साखळी. "मूळचाच वाजला पायजे. लोकाईले तोच भोंगा आयकाचा राह्यते. म्हनून त तुमच्याकडे आनला, आपा. परतवाड्याच्या मिस्त्रीनं हातच नाई लावला."

"कदी बंद पडला?"

"झाले असन आठ-पंधरा दिवस. आपोआप बंद पडला."

बाजूच्या सीटवर त्याची बायको बसली होती. डोक्याला आणि तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळे तेवढे उघडे. एप्रिलात वऱ्हाडातली प्रत्येक बाई उन्हाला अशीच बांधून निघते, म्हणून त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"ती बसली राहू दे गाडीतच," गोपाल म्हणाला. "उतराचं काम नाई तिचं." आणि तो फोन कानाला लावून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे गेला.

रऊफ दुपारच्या, जोहरच्या नमाजला गेला होता. शेजारच्या टायरच्या दुकानात नागसेन एका ट्रकचं चाक उतरवत होता, त्याचा कॉम्प्रेसर धडधडत होता. सबीहानं बॉनेट उघडून हॉर्नला बॅटरीची सरळ तार लावली. हॉर्न असा दणकून वाजला की तिच्या बोटांना मुंग्या आल्या. म्हणजे हॉर्न जिवंत होता, दोष वर स्टेअरिंगमध्ये होता.

ती ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसली. मोठं बारीक कड्याचं स्टेअरिंग, मधोमध काळं गोल बटण, त्याभोवती चकचकीत कडी. बटण एका बाजूला तिरकं झालं होतं आणि त्याला कडेपर्यंत तडा गेला होता. असं बटण दाबून दाबून तडकत नाही. त्यावर काहीतरी जोरात आदळावं लागतं. सबीहानं अंगठ्यानं दाबलं. आत काहीतरी आडवं आलं होतं, बटण खाली बसत नव्हतं.

"हे जरा धरतेस का, बाई?" तिनं तपासायचा बल्ब रागिणीपुढे केला. रागिणी हे गोपालच्या बायकोचं नाव, ते तिला नंतर कळलं. बाईनं बल्ब धरला. तिची नजर चहाच्या टपरीकडे होती.

सबीहानं पेचकसानं बटण उचकटलं. आत स्प्रिंग होती, स्प्रिंगखाली पितळी पत्रा. बटण दाबलं की वरची वाटी त्या पत्र्याला टेकते आणि हॉर्न वाजतो, एवढंच साधं काम. पत्र्यावर काळपट तपकिरी पापुद्रा धरला होता. पितळ गंजत नाही, हिरवं पडतं. ग्रीस इतकं कोरडं होत नाही. तिनं नखानं खरवडलं, आणि स्प्रिंगच्या वेढ्यात अडकलेली एक पांढरी कपची तिच्या तळहातावर पडली. दाताचा तुकडा होता. पुढच्या दाताचा, सरळ धारेचा.

तिनं तो उजेडात धरला.

"हे कोनाचं?" सबीहानं विचारलं.

रागिणीनं बल्ब मांडीवर ठेवला आणि हात पुढे केला. "माहाच हाय. द्या मले."

तिनं तो तुकडा घेतला, ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, ओढणी तोंडावरून खाली ओढली. वरचा ओठ मधोमध फाटून वाकडा जुळला होता. पुढचा एक दात अर्धा होता आणि दुसरा नव्हताच. नाकाच्या बाजूनं डोळ्यापर्यंत पिवळं-हिरवं पडलं होतं.

"म्या हॉर्न वाजवला होता," ती म्हणाली. दात नसल्यानं शब्द फुसफुसत होते. "माहेरी बाबा होते तवा म्या ट्रॅक्टर चालवत होती. ह्यानं गाडी रंगवून आनली, आंगनात उभी केली. म्या गंमत म्हनून वर बसली आन हॉर्न वाजवला. लय हासू आलं मले. हा मांगून आला आन केसाले धरून माहं तोंड बटनावर आपटलं. मंग पुन्हा आपटलं."

सबीहा ऐकत होती. तिनं उजवा कान तिच्याकडे केला होता.

"जितक्या डाव आपटलं तितक्या डाव हॉर्न वाजला, ताई. आख्ख्या गावानं आयकला. गावाले वाटलं गोपाल गाडी तपासून राह्यला. मंग बंद पडला हॉर्न, तवा त्यानं सोडलं. हॉर्न बिघडला म्हनून पुन्हा दोन देल्ल्या."

सबीहाच्या मानेत काहीतरी चढायला लागलं. तिनं ते ओळखलं. तिनं पॉलिश पेपर घेतला आणि पत्रा घासायला लागली. रक्ताचा पापुद्रा पूड होऊन तिच्या बोटांना लागला. पितळ पिवळं होईपर्यंत तिनं घासलं, स्प्रिंग ताणून बसवली, तडकलेल्या बटणाला खालून चिकटवलं, कडी आवळली. हाताला काम दिलं की हात शांत होतो, असं बाप म्हणायचा. त्या दिवशी झाला नाही.

"घरी कोन हाय तुह्या?"

"आई हाय. अकोल्याकडे, गावात. तिले सांगतलं म्या. ती म्हनते, सगळ्याईच्याच घरी असते."

गोपाल परत आला तेव्हा सबीहा खाली उतरून बॉनेटपाशी उभी होती. रागिणीनं घाईनं तोंड पुन्हा बांधलं होतं.

"झालं का, आपा?"

"पाहा वाजवून."

तो वर चढला आणि बटण दाबलं. हॉर्न वाजला, तो जुना, भरीव, घसा फुगवलेला आवाज. रागिणीनं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि सीटवर दारापर्यंत मागे सरकली. गोपालनं तिच्याकडे पाहिलं. काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं, आणि तो हसला. त्यानं पुन्हा दाबलं. ती पुन्हा आकसली. मग त्याला खेळच सापडला. तो थांबून थांबून दाबायचा, ती हात खाली घेऊ लागली की दाबायचा. हॉर्न ओरडत होता आणि ती बाई दाराच्या कोपऱ्यात लहान लहान होत चालली होती.

सबीहानं हॉर्नची तार उपटून काढली.

आवाज तुटला. गोपाल खाली उतरला. "वायर काहून काढला?"

"हॉर्न चांगला हाय तुमचा. बायकोच्या दातानं अडला होता."

त्याचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं. तो सबीहाच्या अंगावर आला नाही. वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला, दार उघडलं, रागिणीचे केस ओढणीसकट मुठीत धरले. "काय सांगतलं तू तिले? आँ? काय सांगतलं?" आणि त्यानं तिचं डोकं डॅशबोर्डवर आपटलं. पत्र्याचा आवाज झाला. "गावभर बोंबलत फिरशीन आता?" पुन्हा आपटलं.

सबीहाला पुढचं नीट दिसलं नाही. टॉमी कुठून हातात आली तेही आठवत नाही. तिनं ती त्याच्या पाठीवर घातली, मग कोपरावर. गोपाल बैलासारखा हुंकारला आणि वळला. तो मोहसीन नव्हता, त्याच्या दुप्पट होता. त्यानं दांडा हवेतच धरला, पिळून काढून घेतला आणि तिच्या बरगडीत आडवा मारला. तिचा श्वासच गेला. ती पायरीच्या पत्र्यावर आदळून खाली धुळीत उजव्या कुशीवर पडली. त्यानं लाथ घातली. पोटात, मग पुन्हा बरगडीत. लाथ मारायला तोल जाऊ नये म्हणून त्यानं एका हातानं दाराच्या चौकटीचा खांब धरला होता.

तिचा चांगला कान मातीत दबला होता आणि मेलेला कान वर होता. जग एकदम गप्प झालं. तिला फक्त त्याचे बूट दिसत होते. एक बूट मागे जायचा, मोठा व्हायचा आणि तिच्या अंगात शिरायचा. तिला वाटलं, आपण आता मरतो. भीती वाटली नाही, राग वाटला, की हात उचलत नाहीये.

मग बूट थांबले. थांबले आणि नाचायला लागले. टाचा वर व्हायच्या, चवडे माती उकरायचे. तिच्या गालावर काहीतरी गरम ठिबकलं. तिनं कशीबशी मान वळवली तेव्हा कान मोकळा झाला, आणि गोपालची किंकाळी तिच्या डोक्यात घुसली.

दार बंद होतं. त्याची बोटं दार आणि खांब यांच्यामध्ये होती. काचेच्या आतून रागिणी दिसत होती. कपाळ फुटलेलं, ओढणी गळ्यात. तिनं दोन्ही हातांनी दाराची मूठ धरली होती, पाय खाली रोवले होते आणि सगळ्या अंगाचा भार मागे टाकून ती दार आपल्याकडे ओढत होती. तो ओरडत होता, दुसऱ्या हातानं काच बडवत होता. ती त्याच्याकडे पाहत होती आणि ओढत होती.

नागसेन चाकाचा पाना घेऊन धावत आला. त्यानं बाहेरून दार खेचलं, पण उघडेना.

"बाई, सोड," तो म्हणाला. "आई, सोड व. मरन तो. सोड, पोरी."

खूप विनवल्यावर तिनं मूठ सोडली.

त्यानंतर गर्दी झाली. कुणी म्हणालं अपघात झाला, कुणी म्हणालं मारामारी, दोघा-चौघांनी मागून वेगळाच रंग द्यायला सुरुवात केली, की त्या मुसलमान बाईनं आपल्या माणसाचा हात तोडला. नागसेन पाना हातात घेऊन दुकानाच्या तोंडाशी उभा राहिला. "म्या डोळ्यानं पाह्यलं हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "बायकोले मारून राह्यला होता हा मानूस. ज्याले काई म्हनाचं हाय त्यानं मले म्हना." त्याच्या शिव्या त्या दिवशी नाक्यापर्यंत ऐकू गेल्या. लोक पांगले.

गोपालची दोन बोटं दवाखान्यात कापावी लागली. सबीहाच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. पोलिस जबाबाला आले तेव्हा गोपालनं हाताच्या बँडेजाकडे पाहत सांगितलं, "त्या गॅरेजवालीनं दार लावलं." बायकोचं नाव त्याच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. बायकोनं आपल्याला असं केलं, हे तो स्वतःशीही कबूल करणार नव्हता. शिपाई सबीहाच्या खाटेशी आला आणि विचारलं, "दार तू लावलं?"

पलीकडच्या बाकावर रागिणी बसली होती, कपाळाला टाके घातलेली. सबीहानं तिच्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "म्याच लावलं."

कुणाला नवल वाटलं नाही. जबडा फोडणारी, नवऱ्याचं मनगट मोडणारी बाई, तिनं बोटं चेंगरली तर त्यात काय? नागसेननं पोलिसांना सांगितलं की दार आतून ओढलेलं होतं, पण तो शेजारी, तिच्याच बाजूचा, म्हणून ते कुणी मनावर घेतलं नाही. बरगड्यांना पट्टा बांधून सबीहाला जेलात नेलं. रऊफ भेटायला आला. जाळीपलीकडे तो एकदम वाळल्यासारखा दिसत होता.

"सच बोल. दरवाजा तूने लगाया?"

"नइ, अब्बा."

"फिर?"

"उसका नाम लेती तो वो अंदर आती. उसकू अभी अभी बाहर की हवा मिली."

रऊफ रागानं थरथरला. "और तेरी हवा? तेरी पसली का क्या? मैं बुड्ढा आदमी, मैं दुकान में अकेला बैठ के क्या करूँ?" त्यानं जाळीवर कपाळ आपटलं. त्या म्हाताऱ्यानं आयुष्यात कशावर हात उचलला नव्हता. सबीहा जाळीमागून नुसती "अब्बा, नको, अब्बा" म्हणत राहिली.

जामिनावर सुटून ती दुकानात बसायला लागली. वाकलं की बरगडीत सुरी फिरायची. एका सकाळी रागिणी आली, तिच्याबरोबर तिची आई, सुभद्रा. नऊवारी नेसलेली, सुकलेली, ताठ बाई. दारात पाऊल टाकायच्या आधीच ती सुरू झाली.

"तुले कोनं सांगतलं होतं व मधात पडाले? दात पडला होता, त पडला होता. संसार त नोता पडला! आता पोरगी घरी येऊन बसली. लोक मले तोंडावर इचारतात, काय उत्तर देऊ म्या?"

सबीहाची मूठ वळली. समोरचा चहाचा ग्लास तिनं भिंतीवर फेकला. काचा सुभद्राच्या पायाशी आल्या. सुभद्रा दचकून मागे झाली.

"आई, तू गप," रागिणी म्हणाली. मग सबीहाकडे वळली. तिला दोन नवे दात बसवले होते, ते अजून तोंडाला परके वाटत होते. "ताई, म्या कोर्टात सांगनार हाय. दार म्या ओढलं."

"खबरदार." सबीहा उठली आणि तिचा दंड धरला, दुखेल इतका घट्ट. "तोंड उघडलंस त पाहून घे. म्या कबूल करून मोकळी झाली. माहं नाव आधीच खराब हाय, आनखी एकानं काय फरक पडते?"

"हात सोडा."

"आयकून घे आधी."

"हात सोडा, ताई!" रागिणीनं तिला अशी ढकलली की सबीहा टेबलावर आपटली आणि बरगडीतून कळ गेली. रागिणी घाबरली, पण मागे हटली नाही. "इतके वर्स म्या मार खाल्ला. एक डाव, आयुष्यात एक डाव म्या काई केलं. माह्या हातानं केलं. आन तेई तुमी आपल्या नावावर लावून घेता? तो म्हनते तिनं केलं, पोलिस म्हनते तिनं केलं, तुमीई म्हनता म्या केलं. मंग म्या कुठं होती?"

सबीहा टेबल धरून उभी राहिली.  आपण या पोरीला वाचवतो आहोत असं तिला वाटत होतं. तिचं काही घेतो आहोत, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"लागलं का?" रागिणीनं विचारलं.

"लागलं," सबीहा म्हणाली. "चांगलंच लागलं."

सुभद्रानं वाकून काचा वेचायला घेतल्या. 

कोर्टात गोपालची साक्ष आधी झाली. सबीहाच्या वकिलानं विचारलं, दार तुमच्या पत्नीनं लावलं असेल असं तुम्हाला वाटत नाही का? गोपाल हसला. "तिची काय हिंमत, साहेब?" मग रागिणी उभी राहिली. तिनं तोंड बांधलं नव्हतं. ती सावकाश बोलली, आपटलेल्या डोक्यापासून दाराच्या मुठीपर्यंत सगळं. "त्यानं खांब धरला होता. म्या दार ओढलं. आन धरून ठेवलं. नागसेनभाऊनं सोडाले लावलं नसतं त सोडलं नसतं."

गोपाल बाकावरून उठला. कुणाला कळायच्या आत तो कठड्यापर्यंत पोचला, तुटक्या बोटांचा हात उगारून, तोंडानं घाणेरड्या शिव्या देत. दोन शिपायांनी त्याला धरला, तरी तो त्यांना फरपटत दोन पावलं पुढे गेला. रागिणी कठड्यात उभीच राहिली. तिचे डोळे मिटले नाहीत. न्यायाधीश ते सगळं पाहत होते, आणि लिहून घेणाऱ्याला थांबू नकोस म्हणून खूण करत होते.

पुढच्या काही तारखांनंतर सबीहा सुटली. रागिणीनं जीव वाचवायला दार ओढलं असं धरलं गेलं आणि तिच्यावर केस झाली नाही. गोपालवर मारहाणीची केस लागली, ती अजून चालू आहे. तो जामिनावर बाहेर आहे. रागिणी अकोल्यात एका डाळमिलीत कामाला लागली, मिलीजवळच खोली घेऊन राहते. आईशी तिचं बोलणं कधी असतं, कधी नसतं. गोपाल एकदा मिलीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. ती मिलीतल्या बायांना घेऊन बाहेर आली, बायांच्या हातात फावडी होती. तो निघून गेला. पुन्हा येणार नाही असं ती म्हणत नाही.

सुटका झाली त्या दिवशी दोघी कोर्टासमोरच्या हॉटेलात जेवायला बसल्या होत्या. रागिणीनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "ताई, तुमाले अजून राग येते?"

"येते. रोज येते."

"कमी नाई होत?"

"नाई झाला. अब्बा म्हनते होईन, पन नाई झाला."

रागिणीनं घास चावला. नव्या दातांनी चावायला तिला अजून वेळ लागायचा. "मलेई येऊन राह्यला आता," ती म्हणाली. "आधी येत नोता. आधी नुसतं भेव वाटे. आता रात-दिवस राग येते. भाकर थापता थापता येते, बसमधे येते. याचं काय करू?"

 सबीहानं तिच्या ताटात वरण वाढलं आणि म्हणाली, "जेव आधी. बस चुकन तुही."

रागिणीला अकोल्याच्या गाडीत बसवून ती दुकानात आली तेव्हा ऊन उतरलं नव्हतं. धारणीहून आलेली एक जीप दारात उभी होती, जंगलातल्या रस्त्यानं तिच्या वायरी सगळ्या खिळखिळ्या करून टाकल्या होत्या. रऊफ चष्मा कपाळावर चढवून तिच्याखाली डोकावत होता. सबीहानं ओढणी कमरेला बांधली, बरगडी सांभाळत जमिनीवर पाठ टेकली आणि सरकत जीपखाली गेली.

"अब्बा," तिनं आतून हात बाहेर काढला. "पक्कड दो."

रऊफनं तिच्या हातात पक्कड दिली.